खिशातील दुभाष्या

२०२० सालच्या मार्च महिन्यात साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली आणि शाळांची दारे मिटली. अध्यापन मात्र इंटरनेटच्या मार्गाने घराघरांत येऊ लागले. सह्याद्रीच्या कुशीतील कित्येक खेड्यांत इंटरनेटची तार पोहोचलीच नव्हती, आणि मोबाइलच्या लहरीही डोंगराआड अडत. कोकणातील काही गावांत तर मुले भर पावसात टेकडीवर जाऊन अभ्यास करीत, कारण लहरी तेथेच मिळत. ज्या घरी लॅपटॉप होता, तेथेही तारेवाचून तो मुकाच राहिला असता. परंतु घरातील मोबाइल त्याच्या साहाय्यास आला. एक यंत्र दुसऱ्याला आपली वाट उसनी देऊ शकते, ही गोष्ट त्या दिवसांत अनेकांना प्रथमच ठाऊक झाली.

लॅपटॉपच्या भाषेत शून्य व एक हे दोनच अंक आहेत. अक्षर असो, चित्र असो की गाणे असो, त्याच्या लेखी ती या दोन अंकांची लांबलचक माळ होय. ही माळ दूर धाडावयाची तर तिला एखाद्या लहरीवर चढवावे लागते आणि पलीकडे पोहोचताच उतरवून घ्यावे लागते. हे चढविण्या-उतरविण्याचे काम करणाऱ्या उपकरणास मोडेम म्हणतात. मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर या दोन शब्दांचे तुकडे जोडून हे नाव बनले आहे. अमेरिकेत १९६२ साली आलेला ‘बेल १०३’ हा मोडेम दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदास ३०० अंक, म्हणजे सुमारे ३० अक्षरे, धाडू शके. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने जनतेसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हाही घरचा मोडेम तारेलाच बांधलेला असे. जोडणी करताना तो मोठा चमत्कारिक किंचाळे, आणि त्याचे काम चालू असेतो घरचा दूरध्वनी इतरांना बंद राही.

मोबाइलच्या पोटात मोडेम असतोच. त्यावाचून त्याला मनोऱ्याशी बोलता येणार नाही. लॅपटॉपला इंटरनेट पुरविताना मात्र तो एकाच वेळी दोन ठिकाणी बोलतो. काही किलोमीटरपर्यंत दूर असलेल्या मनोऱ्याशी त्याचे संभाषण एका प्रकारच्या लहरींनी चालते, तर शेजारच्या लॅपटॉपशी वाय-फायच्या लहरींनी. वाय-फायची एक नेहमीची लहर सेकंदास सुमारे २४० कोटी वेळा कंप पावते आणि तिची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर भरते. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही जवळजवळ अशाच लहरींवर चालते. म्हणून भट्टी चालू असताना जवळची वाय-फाय जोडणी कधी कधी अडखळते.

दुभाष्याचे काम येथेच संपत नाही. लॅपटॉपने एखादे पान मागितले, की ती मागणी लहान लहान पाकिटांतून मोबाइलकडे येते. बाहेरच्या जगाला लॅपटॉपचा पत्ता ठाऊक नसतो. तेव्हा मोबाइल पाकिटावर आपला पत्ता घालतो आणि ते कोणाचे होते, याची नोंद स्वतःजवळ ठेवतो. उत्तर आले, की नोंद पाहून ते ज्याचे त्याला देतो. वसतिगृहातील सर्व मुलांची पत्रे एकाच पत्त्यावर यावीत आणि अधीक्षकाने ती खोलीखोलीत पोहोचवावीत, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की मोबाइल अशी पाकिटे सेकंदाला शेकड्यांनी हाताळतो.

ही वाट उघडणे सोपे आहे. मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये ‘हॉटस्पॉट’ चालू करावा, त्याला नाव व पासवर्ड द्यावा, आणि लॅपटॉपवरील वाय-फायच्या यादीतून तेच नाव निवडून तो पासवर्ड लिहावा. पासवर्डास आठ अक्षरे तरी लागतात. त्याच्यामुळे परक्याला दार उघडत नाही, आणि हवेतून जाणारा मजकूरही कूट रूपात जातो. १२३४५६७८ हा पासवर्ड आठ अक्षरांचा असला, तरी त्याला कुलूप म्हणणे कठीण! ब्लूटूथनेही अशी जोडणी होते. दहाव्या शतकातील एका डॅनिश राजाच्या उपनावावरून हे नाव पडले. ती जोडणी सावकाश चालते, पण बॅटरी कमी खाते.

खरी अडचण खर्चाची. लॅपटॉपला वाटते की आपण मोठ्या, मुक्त वाटेवर आहोत. तो गुपचूप नव्या आज्ञावली उतरवून घेतो आणि घरच्या सर्वांचा दिवसाचा डेटा पाहता पाहता संपतो. दीड जीबी डेटा असेल, तर साधारण स्पष्टतेचा एक तासाचा पाठ पाहण्यातच त्याचा सुमारे तिसरा हिस्सा जातो. उरलेल्यात धाकट्या भावंडाचा पाठ बसवायचा असतो आणि वडिलांचे कामही. लॅपटॉपमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ ही सोय निवडली, म्हणजे तो यांपैकी बरेचसे उतरविणे थांबवितो.

जेथे लहरी क्षीण असतात, तेथे या जोडणीचा आणखी एक लाभ आहे. लॅपटॉप व मोबाइल यांना एकत्र असण्याची गरज नाही. जाड जांभ्याच्या भिंती लहरींना क्षीण करतात आणि पत्र्याचे छप्पर त्यांना परतवून लावते. अशा घरात मोबाइल खिडकीत किंवा ओसरीच्या कोपऱ्यात, जेथे मनोऱ्याच्या लहरी मिळतात तेथे ठेवावा, आणि लॅपटॉप आत आठ-दहा पावलांवर. वाय-फाय एवढे अंतर सहज पार करते. मोबाइल मात्र उन्हात किंवा उशीखाली ठेवू नये. दोन्हीकडे बोलताना तो चांगलाच तापतो आणि त्याची बॅटरीही लवकर उतरते.

काम झाले, की हॉटस्पॉट बंद करावा. विसर पडला तरी पुष्कळ मोबाइल काही मिनिटे कोणीच जोडलेले नाही असे पाहून तो आपणहून बंद करतात, आणि लॅपटॉपच्या यादीतून ते नाव नाहीसे होते.