कॅसेटमधले गाव जपून ठेवा



वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. पुढे पाणी चढले आणि भंडारा व नागपूर जिल्ह्यांतली कित्येक गावे त्याखाली गेली. ती घरे, त्या गल्ल्या, देवळापुढचा पार आता पाहायला मिळायचा नाही. पण त्या गावांत लागलेल्या लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटी आणि सीडी कुणाकुणाच्या पेटीत अजून पडून असतील. मांडवामागचे जुने घर त्यांतच उरले आहे. म्हणून यावेळी पीकपाण्याऐवजी हा विषय घेतला आहे.

पहिले काम नकलेचे

धान्याप्रमाणे कॅसेटच्या फितीलाही दमटपणाने बुरशी लागते. फितीच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली उत्पादन बंद केले. चालू स्थितीतली यंत्रे दिवसेंदिवस कमीच होणार. ज्या फोटो स्टुडिओत कॅसेट संगणकावर उतरवण्याची सोय आहे, तेथून हे काम लवकर उरकून घ्यावे.

सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये. व्हिडिओ सीडीतल्या ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमधील डॅट फाइल संगणकात उतरवावी. डीव्हीडी असेल तर ‘व्हिडिओ टीएस’ हे अख्खे फोल्डर घ्यावे.

पाहण्यासाठी व्हीएलसी

१९९६ साली पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या कामातून व्हीएलसी हे सॉफ्टवेअर तयार झाले. ते फुकट असून जुन्या फाइलीही चालवते. मात्र ते व्हिडिओलॅन या मूळ संस्थेकडूनच उतरवून घ्यावे.

कॅसेटच्या चित्रात हलत्या माणसाच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेघा दिसतात. जुन्या टीव्ही पद्धतीत प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत येई. संगणक दोन्ही भाग एकदम दाखवतो, म्हणून दाते दिसतात. व्हिडिओच्या यादीतले ‘डीइंटरलेस’ चालू केले की ते जातात. आवाज ओठांशी जुळत नसेल तर जे आणि के या कळांनी तो मागेपुढे करता येतो. अंधुक चित्राचा उजेडही वाढवता येतो. यात मूळ फाइलीला धक्का लागत नाही.

सुधारण्यासाठी हँडब्रेक

हेही फुकट आहे. फाइल मोबाइलवर चालेल अशी एमपी-४ करणे, दाते काढणे, चित्रातली खरखर कमी करणे ही कामे ते करते. खरखर मात्र बेताने काढावी. जास्त काढली तर चेहरे मेणाचे वाटतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. व्हिडिओ सीडीचे चित्र ३५२ बाय २८८, म्हणजे सुमारे एक लाख ठिपक्यांचे असते. आजच्या फुल एचडी टीव्हीवर वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. उरलेले ठिपके कृत्रिम बुद्धिमत्तेची सॉफ्टवेअरे अंदाजाने भरतात. चित्र चकचकीत होते, पण आजीचा चेहरा दुसऱ्याच बाईचा होऊ शकतो. तशी प्रत करायचीच तर वेगळी ठेवावी. मूळ नक्कल बियाण्यासारखी राखावी, तिला हात लावू नये.

शेवटचे काम वहीचे

दोन प्रती करून एक दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे ठेवावी. व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे पाठवल्यास चित्राची प्रत घसरते, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. मग म्हाताऱ्या माणसांना पडद्यासमोर बसवा. कितव्या मिनिटाला कोण दिसते, मागे घर कुणाचे, विहीर कुठली, हे विचारून वहीत लिहून घ्या. हे सांगणारी माणसे आहेत तोवरच हे काम होईल. यंदाची खळी उरकली की याला बसा.