बी. ए.ला संगीत

मुलगी गाणे शिकते हे सांगताना आपल्याकडील आईबापांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमानच असतो. तीच मुलगी बी. ए.ला मुख्य विषय म्हणून संगीत घेणार असे म्हणाली, की घरातली हवा पालटते. ‘गाणे शिकायचे तर बुवांकडे जा, कॉलेजात बसून का कुणाला गाणे येते?’ असा प्रश्न निघतो, आणि त्याच्या पाठोपाठ पोटापाण्याचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ‘मेजर’, ‘मायनर’ हे शब्द आपल्या महाविद्यालयांतही रुळू लागले आहेत. तेव्हा हे प्रश्न आता अधिक घरांतून निघणार.

गळा तयार करणे हे कॉलेजच्या आवाक्यातले काम नव्हे, हे आधीच कबूल केलेले बरे. पलुसकर मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी वर्षानुवर्षे शिकले आणि १८९६ साली तेथून बाहेर पडले. पुढे १९०१ साली त्यांनीच लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून गाण्याला वर्ग, वेळापत्रक आणि परीक्षा दिल्या. सामान्य घरांतील मुलामुलींना गाण्याचे दार उघडले ते या खटपटीमुळे. तरी पण ज्या माणसाने वर्ग काढला त्याची स्वतःची तालीम वर्गात झाली नव्हती, हे विसरून चालणार नाही. आठवड्याच्या मोजक्या तासांत ख्याल गळ्यावर चढत नाही.

मग कॉलेज देते काय? याचे उत्तर मला आपल्याच सातारा-सांगलीच्या एका जुन्या हकीकतीत सापडते.

कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीकडचे सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर. हाडाचे हिशेबी. आपल्या ग्रंथांत बावीस श्रुती सांगितल्या आहेत, त्या गवयाच्या गळ्यात खरोखर असतात काय, हे मोजून पाहावे असे त्यांच्या मनाने घेतले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी गावे आणि देवलांनी तारेवर मोजावे, असा हा उद्योग. त्याचे पुस्तक १९१० साली निघाले. न्यायखात्यातील क्लेमेंट्स नावाच्या साहेबालाही हाच नाद लागला. त्याचा ग्रंथ १९१३ चा. या मंडळींची ‘फिलहार्मॉनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था निघाली तीही साताऱ्यास.

मोजणी कशी असते ते पाहा. दोन घोड्यांवर (सतारीला घोडी असते तीच) ३६ इंचांची तार ताणली आणि तिच्या नादाला षड्ज मानले, तर २४ इंचांवर पंचम आणि १८ इंचांवर वरचा षड्ज मिळतो. येथवर कोणाचे भांडण नाही. भांडण गंधारापाशी सुरू होते. २८.८ इंचांवर जो गंधार मिळतो, तोच सुरेल लावलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटतो. पंचमाचा पंचम, त्याचा पुन्हा पंचम अशा पायऱ्यांनी गेलात, तर गंधार २८.४४ इंचांवर येतो. आणि बाजारच्या पेटीचा गंधार या दोहोंच्या मध्ये, २८.५७ च्या सुमारास! तानपुऱ्याच्या आणि पेटीच्या गंधारांत तारेवर पाव इंचाचेही अंतर नाही. पण तानपुरा छेडून पेटीची ती पट्टी दाबा. कान तयार असेल तर खडा लागतो. म्हणून तर श्रुतींची वेगळी हार्मोनियम करवून घेण्याचा खटाटोप झाला.

१९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत या श्रुतींवर मोठा वाद झाला. भातखंड्यांना देवल-क्लेमेंट्स यांचे म्हणणे मान्य नव्हते. पुढे १९६३ साली जैरजभॉय आणि स्टोन यांनी कलावंतांचे स्वर यंत्राने मोजले, तेव्हा एकाच कलावंताचा गंधारही दर वेळी एकाच जागी नसतो असे दिसले. म्हणजे देवलांचे कोष्टक जसेच्या तसे टिकले नाही. माझ्या मते त्याने त्यांच्या उद्योगाचे मोल उणे होत नाही. प्रश्न नेमका विचारला गेला, म्हणून तर तो तपासता आला.

आता असे पाहा, या कामाला तीन माणसे लागली. गळा एकाचा, गणित दुसऱ्याचे, इंग्रजीतून जगापुढे मांडणी करायला तिसरा. संगीत मुख्य विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या अंगी या तिघांचा थोडा थोडा अंश यावा, हीच त्या पदवीची अपेक्षा. तो राग शिकतो, ताल हाताने धरतो. त्याबरोबर ‘संगीतरत्नाकर’ काय म्हणतो, भातखंड्यांनी रागांची वाटणी दहा थाटांत का केली, हेही त्याला वाचावे लागते. शेजारी पदार्थविज्ञान, संस्कृत किंवा इतिहास असेल तर सोन्याहून पिवळे. ग. ह. रानडे हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. हिंदुस्थानी संगीतातील नादशास्त्र आणि सौंदर्य यांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ चे. मिरजेचे बी. आर. देवधर पलुसकरांचे शिष्य आणि पदवीधरही. म्हणूनच थोर गवयांची चरित्रे त्यांच्या हातून इतक्या जाणतेपणाने लिहिली गेली.

पोटापाण्याचे म्हणाल, तर मैफलीवर घर चालवणारे नेहमीच थोडे. शिक्षकी, आकाशवाणी, ध्वनिमुद्रण, जुन्या मुद्रणांची जपणूक, वाद्यांचा व्यवसाय अशा वाटा आहेत. पण कुठेही जागांची रेलचेल नाही, आणि तसे सांगून कोणी मुलांना फसवू नये. बुवांची तालीमही सोडू नये. सकाळी बुवा आणि दुपारी कॉलेज, हेच खरे.

अर्ज भरण्यापूर्वी आईबापांनी स्वतः त्या विभागात जाऊन यावे. एका शिक्षकामागे किती मुले आहेत, ते विचारावे. ग्रंथालयात जुनी ध्वनिमुद्रणे ऐकायला मिळतात का, वर्ग सुटल्यावर रियाजाला खोली उघडी असते का, तेही पाहावे. आणि कोपऱ्यातला तानपुरा गवसणीतून काढून छेडावा. मिरजेच्या कारागिराने तारेखाली दोरा सरकवून लावलेली जवारी अजून बोलते, की तारांवर गंज चढला आहे, ते तिथल्या तिथे कळते.