अंग दुखत असताना खेळावे का?

गडावरची सहल झाली की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ठणकतात. दोष आपण लॅक्टिक आम्लाला देतो. पण ते श्रमानंतर तासा-दीड तासात रक्तातून कमी झालेले असते. खरे कारण गड उतरण्यात आहे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात. त्यामुळे स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होते आणि २४ ते ७२ तासांत दुखणे सर्वाधिक जाणवते.

मग खेळाच्या तासाला आपण मुलांना काय सांगावे? चालणे, हलक्या हालचाली चालतील. त्यांनी दुखणे तात्पुरते कमीही होते. शर्यत, उठाबशा मात्र दोन-तीन दिवस पुढे ढकलाव्यात. सूज, सांध्यात तीव्र कळ किंवा गडद तपकिरी लघवी दिसल्यास व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांकडे न्यावे.