एअर फ्रायरसाठी बटाटा कोणता?

एअर फ्रायरमध्ये बटाट्याच्या फोडी तळल्या जात नाहीत; तप्त हवेच्या झोताने त्या भाजल्या जातात. फ्राइज काळपट झाल्यास घरची मंडळी यंत्राला दोष देतात. वस्तुतः तो बहुधा साठवणीचा असतो. शीतगृहात २ ते ४ अंश सेंटिग्रेडवर बियाण्याचा बटाटा उत्तम टिकतो, परंतु त्यातील काही पिष्टाची साखर होते व तीच उष्णतेने काळवंडते. तळावयाचा माल १० ते १२ अंशांवर ठेवणे इष्ट होय. गोड झालेला बटाटा दोन-तीन आठवडे घरात अंधाऱ्या, उबदार जागी ठेवल्यास साखर पुष्कळ कमी होते.

कुरकुरीतपणा मात्र जातीवर अवलंबून असतो. कुफरी पुखराज लवकर व भरघोस येतो, पण त्यात पाणी अधिक. या कामी कुफरी चिपसोना-१ किंवा कुफरी फ्रायसोना लावावी.

करंगळीएवढ्या जाड फोडी अर्धा तास पाण्यात ठेवून फडक्याने अगदी कोरड्या कराव्या. (येथेच घाई होते.) अर्ध्या किलोस चमचाभर तेल चोळून, गर्दी न करता, १८० अंशांवर सुमारे २० मिनिटे ठेवाव्या, मध्ये एकदा हलवाव्या. मीठ शेवटी घालावे.