मोटारीची निष्कास नळी : ध्वनी, वायू आणि कायदा

बंगळूरच्या दक्षिण भागातील बनशंकरी ही वसाहत ज्या देवळावरून ओळखली जाते, ते देऊळ कनकपुरा रस्त्यावर आहे. महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची कुलदेवता असलेली बनशंकरी ती बदामीजवळची. बंगळूरचे हे देऊळ त्या मानाने अलीकडचे, १९१५ मधील आहे. राहुकाळात लिंबाच्या अर्ध्या सालीत दिवे लावून येथे पूजा केली जाते आणि मंगळवारी व शुक्रवारी भाविकांची मोठी गर्दी होते. देवळापुढून वाहनांचा अखंड ओघ चाललेला असतो. २०१७ पासून या भागात मेट्रोची गाडीही डोक्यावरून धावते. परंतु हमरस्ता सोडून आत वळले की झाडांच्या सावलीतील अरुंद गल्ल्या लागतात. तेथे शयनगृहाची खिडकी आणि रस्ता यांत पुष्कळदा पाचसात मीटरांपेक्षा अधिक अंतर नसते. वेगवान मोटार बाळगणाऱ्या गृहस्थाने पहाटे गाडी सुरू केली, म्हणजे तिचा आवाज किती घरांत पोचतो याचा अंदाज यावरून करता येईल.

अशा गाडीच्या मालकाला कारखान्याने बसविलेली निष्कास नळी बहुधा फार सौम्य वाटते. गाडीचे रूप चपळ, एंजिन दमदार आणि आवाज मात्र चारचौघींसारखा, ही त्याची तक्रार असते. शहरातील जे. सी. रोडवर मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. तेथे चकचकीत पोलादी नळ्या मिळतात, आणि 'अमुक अश्वशक्ती वाढेल' असे आश्वासनही त्यांबरोबर मिळते. निवड करण्यापूर्वी ही नळी मुळात कोणते काम करते ते समजून घेतले, तर त्या आश्वासनाची किंमत आपोआप ठरते.

अंतर्ज्वलन एंजिनात इंधन व हवा यांचे मिश्रण जळते आणि दट्ट्या खाली ढकलला जातो. तो तळाशी पोचण्याच्या थोडे आधी निष्कास झडप उघडते. त्या क्षणी सिलिंडरातील वायूंचा दाब बाहेरील हवेच्या कित्येक पट असतो. म्हणून वायू एकदम बाहेर फेकले जातात आणि नळीत दाबाची एक लाट उठते. अशा लाटा एकामागून एक येत राहतात, आणि त्यांनाच आपण मोटारीचा आवाज म्हणतो. चौघाती एंजिनातील प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. त्यामुळे चार सिलिंडरांचे एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० लाटा निघतात. ६,००० फेऱ्यांना २००. तीन सिलिंडरांच्या एंजिनात ३,००० फेऱ्यांना हा आकडा ७५ वर येतो. एंजिनाचा 'स्वर' प्रथम येथे ठरतो, नळीच्या तोंडाशी असलेल्या झगमगीत टोकात नव्हे.

ही लाट शमविण्याची कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील मिल्टन व मार्शल रीव्ह्ज यांनी १८९७ मध्ये अशा साधनाचे पेटंट मिळविले होते. आजच्या सायलेन्सरात दोन युक्त्या आढळतात. एका प्रकारात सच्छिद्र नळीभोवती काचेची अथवा खनिज लोकर दाबून भरलेली असते. ध्वनीची ऊर्जा तिच्या तंतूंत घर्षणाने उष्णता होऊन विरते. ही रचना वायूंना फारशी अडवीत नाही आणि उंच स्वर चांगले शोषते, परंतु खर्जातील घुमणे तिला आवरत नाही. शिवाय लोकर कालांतराने जळत व झडत जाते, आणि विकत घेताना मंद असलेला आवाज काही काळाने वाढू लागतो. दुसऱ्या प्रकारात डब्याचे लहानमोठे कप्पे व आखूडलांब नळ्या अशा बेताने मांडलेल्या असतात की परतणारी लाट पुढून येणाऱ्या लाटेला छेद देते. कारखान्याचा सायलेन्सर जड व बोजड दिसतो तो याच कारणाने. त्याचा प्रत्येक कप्पा विशिष्ट कंप्रतेसाठी मोजून केलेला असतो.

खर्जातील या घुमण्याचा त्रास प्रथम मालकालाच होतो. नवी नळी बसवून मैसूरकडे निघालेल्या गाडीत एका ठरावीक वेगाला कानात जो घुमारा बसतो, तो नळीतील हवेच्या स्तंभाचा अनुनाद असतो. त्यावर एक जुना उपाय आहे. मुख्य नळीला एका टोकाने बंद अशी उपनळी जोडावयाची आणि तिची लांबी त्रासदायक लाटेच्या तरंगलांबीच्या एकचतुर्थांश ठेवावयाची. सुमारे ४०० अंश सेल्सिअस तपमानाच्या वायूंत ध्वनीचा वेग सेकंदाला ५२० मीटरांच्या जवळपास असतो. म्हणजे सेकंदाला १०० कंपनांची लाट ५.२ मीटर लांबीची झाली, आणि तिच्यासाठी उपनळी १.३ मीटर हवी. बुटक्या गाडीखाली एवढी जागा सहसा सापडत नाही. कारखान्यातील अभियंत्यांनी सोडविलेला हा प्रश्न दुकानदाराने एका दुपारी सोडवावा, ही अपेक्षा जरा मोठीच म्हटली पाहिजे.

आता डेसिबलच्या गणिताकडे वळू. हे एकक सरळ बेरजेचे नसल्यामुळे त्याच्याबाबत पुष्कळ फसगत होते. ३ डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जा दुप्पट. १० डेसिबलची वाढ म्हणजे ऊर्जा दसपट आणि कानाला वाटणारा मोठेपणा सुमारे दुप्पट. भारतात नऊ आसनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींसाठी १ एप्रिल २००५ पासून लागू झालेल्या टप्प्यात ७४ डेसिबल ही मर्यादा घालण्यात आली. एखादी बदललेली नळी त्याच कसोटीत ९४ डेसिबल दाखवीत असेल, तर ती एकटी गाडी मर्यादेत चालणाऱ्या शंभर गाड्यांइतकी ध्वनिऊर्जा रस्त्यावर ओतते. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की ध्वनी ६ डेसिबलने उतरतो. म्हणून साडेसात मीटरांवरचा ७४ डेसिबलचा आवाज तीस मीटरांवर ६२ होतो. गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंती तो परतवीत असल्याने तेवढीही सवलत मिळत नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही पातळी ठरविली आहे, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती किमान शंभर मीटरांचा शांतता-विभाग आहे. ही पातळी परिसरातील ध्वनीची आहे, एकेका गाडीची नव्हे, हे खरे. पण झोपमोड व्हावयास एकच गाडी पुरते.

'आमची नळी पंचाण्णव डेसिबलची आहे' असे विक्रेता सांगतो तेव्हा पहिला प्रश्न हा विचारावा, की किती अंतरावर? युरोपात उभ्या गाडीची चाचणी घेताना ध्वनिग्राहक नळीच्या मुखापासून अर्ध्या मीटरावर, तिरकस ४५ अंशांत ठेवतात. अर्ध्या मीटरावरचे ९५ डेसिबल साडेसात मीटरांवर, केवळ अंतराच्या हिशेबाने, ७१-७२ उरतात. पण भारतीय मर्यादा ही उभ्या गाडीची नाहीच. तिच्या चाचणीत गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने मापनपट्ट्यात शिरते, तेथे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला जातो, आणि वाटेच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरांवर व जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर ध्वनिग्राहक असतो. एंजिनावर भार आल्यावरचा आवाज हा निश्चल गाडीच्या आवाजाहून निराळाच असतो. तेव्हा दुकानाच्या दारात मोबाइल फोन धरून दाखविलेला आकडा या कसोटीशी ताडताच येत नाही.

वायूंचा प्रश्न याहून नाजूक आहे. एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक बसविणे आवश्यक झाले. शिसे मिसळलेले पेट्रोल या परिवर्तकाला निकामी करते. फेब्रुवारी २००० पासून तसे पेट्रोल देशभर बंद झाले. मधमाशांच्या पोळ्यासारख्या या चिनीमातीच्या ठोकळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांचा सूक्ष्म थर असतो. कार्बन मोनॉक्साइड व न जळलेली हायड्रोकार्बने यांचे तेथे ज्वलन पूर्ण होते, आणि नायट्रोजनची ऑक्साइडे विघटित होतात. मात्र तो अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय नीट काम करीत नाही. म्हणून तो एंजिनाला चिकटून बसवितात, आणि त्याच्या पुढेमागे ऑक्सिजन मोजणारे संवेदक असतात. एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज-६ गाड्यांत हे दोन संवेदक परिवर्तक काम करतो की नाही यावर पहारा ठेवतात. परिवर्तक काढून तेथे सरळ नळी बसविली, तर फलकावर दिवा पेटतो. हा दिवा विझविण्यासाठी संवेदक थोडा बाहेर ओढून घेण्याच्या किंवा एंजिनाच्या संगणकाला खोटे सांगण्याच्या युक्त्या बाजारात आहेत. त्या युक्त्यांनी दिवा विझतो. विषारी वायू तसाच राहतो.

प्रदूषण तपासणीच्या प्रमाणपत्राबाबतही एक गैरसमज रूढ आहे. भारत स्टेज-४ व पुढील पेट्रोल मोटारींच्या या तपासणीत मंद गतीस कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांपेक्षा व हायड्रोकार्बने दशलक्षात २०० भागांपेक्षा अधिक नसावीत, असे पाहतात. ध्वनीचे मापन तीत होत नाही. खिशातील ते प्रमाणपत्र नळीच्या आवाजाला संमती देत नाही.

कायदा काय म्हणतो? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम प्रत्येक वाहनाला ध्वनी शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर आवश्यक ठरवितो. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे ५२ वे कलम निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई करते, आणि ९ जानेवारी २०१९ रोजी केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या मनाईचा अर्थ कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही वाढविली : अनधिकृत बदलाबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही; ध्वनी व वायुप्रदूषणाच्या प्रमाणांचा भंग केल्यास पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने परवान्याची अपात्रता. जागच्या जागी तडजोडीने आकारला जाणारा दंड राज्यागणिक निराळा असतो. मुंबई, पुणे, नागपूर या शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांच्या राशी अवजड यंत्राखाली चिरडल्याची दृश्ये वाचकांनी पाहिली असतील. ते बहुतांशी मोटारसायकलींचे होते. नियम मात्र चारचाकीसही तोच आहे.

परदेशी नळीवर वर्तुळातील 'ई' अक्षर व देशाचा क्रमांक कोरलेला असतो. बदली सायलेन्सर संयुक्त राष्ट्रांच्या ५९ व्या विनियमानुसार विशिष्ट गाडीसाठी तपासला गेल्याची ती खूण होय. ती दर्जाची चांगली साक्ष आहे, पण ज्या १९५८ च्या करारातून ती येते त्याचा भारत सदस्य नाही. येथील अधिकाऱ्यावर ती बंधनकारक नाही. येथे प्रकार-मान्यतेची चाचणी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थांत होते. ही संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली. म्हणून सर्वांत निर्धोक मार्ग हा, की त्याच गाडीसाठी निर्मात्यानेच भारतात देऊ केलेली, मूळ मान्यतेत समाविष्ट असलेली खेळकर आवाजाची नळी घ्यावी. ती महाग पडते. दुकानातील नळी घेणाराने निदान परिवर्तक व दोन्ही संवेदक यांना हात न लावता केवळ मागील भाग बदलावा, चालत्या गाडीच्या चाचणीचा लेखी अहवाल मागावा, आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून व विमा कंपनीकडून आधी लेखी उत्तर घ्यावे. नाहीतर अपघातानंतर दाव्याच्या वेळी हीच नळी पुढे येते. बटणाने उघडझाप होणाऱ्या झडपेच्या नळ्यांचे विक्रेते 'पोलीस दिसला की बंद करा' असे सांगतात. हा सल्ला नळी नियमबाह्य असल्याची कबुलीच होय.

शक्तिवृद्धीबद्दल थोडे. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. तेथील हवेचा दाब सुमारे दहा टक्क्यांनी कमी असतो, आणि टर्बो नसलेले एंजिन जवळजवळ तेवढीच शक्ती गमावते. ही तूट मागील नळी बदलून भरून निघत नाही. फार रुंद नळीत वायूंचा वेग मंदावतो, आणि एका लाटेने पुढची लाट ओढून नेण्याचा लाभ कमी फेऱ्यांना हरवतो. सिग्नलागणिक थांबणाऱ्या बनशंकरीच्या रहदारीत गाडी तर कमी फेऱ्यांवरच चालते.

धातूची निवड त्या मानाने सोपी आहे. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ तेवढेच पाणी तयार होते, आणि छोट्या फेऱ्यांत ते थंड सायलेन्सरात साचून राहते. साधे पोलाद त्यात लवकर गंजते. ३०४ क्रमांकाच्या निष्कलंक पोलादात क्रोमियम अठरा टक्क्यांहून अधिक व निकेल किमान आठ टक्के असल्याने ते दीर्घकाळ टिकते. ४०९ क्रमांकात क्रोमियम अकरा टक्क्यांच्या आसपास असते आणि त्यावर तांबूस डाग येतात. टायटेनियमची घनता पोलादाच्या जेमतेम सहा दशांश, किंमत मात्र कित्येक पट. नळी जमिनीपासून किती उंच राहते हे गाडी पूर्ण भरलेली असताना मोजून घ्यावे. गल्लीतील गतिरोधक मोजमाप विचारीत नाहीत. काढलेला मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नये. आक्षेप आला, तर गाडी त्याच्यासहच तपासणीस न्यावी लागते.