पडद्यावरचा रंग आणि आरशातला चेहरा

प्रेमकथा पाहताना आपण नकळत स्वतःला नायक-नायिकेच्या जागी ठेवतो. पण जिच्यावर जीव ओवाळून टाकला जातो ती दरवेळी गोरीच असेल, तर सावळ्या मुलीने स्वतःला कुठे ठेवायचे? प्रश्न सिनेमाचा वाटतो. त्याचे परिणाम मात्र त्वचारोगतज्ज्ञांकडे आणि कधी कधी मूत्रपिंडविकार विभागातही दिसतात.

डिलाईल रोडवरच्या दीपक टॉकीजपासून लोअर परळच्या मल्टिप्लेक्सपर्यंत गिरणगावाच्या कितीतरी पिढ्यांनी प्रेमपट पाहिले. खुर्च्यांवर सगळ्या रंगांची माणसे, पडद्यावरच्या नायिका मात्र बहुतेक एकाच रंगाच्या. एखादी गोष्ट वारंवार दिसली की ती आवडू लागते, असे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले. चेहऱ्यांचेही तसेच आहे. एकच रंग सतत ‘सुंदर’ म्हणून समोर आला की तोच मापदंड होऊन बसतो.

अमेरिकेत हा प्रश्न वंशाचा आहे. तिथले संशोधक अँड्र्यू वीव्हर यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रेमपटांची कथा तीच ठेवायची आणि फक्त कलाकारांचे वंश बदलायचे. कृष्णवर्णीय कलाकारांचे प्रमाण वाढले, तसा गोऱ्या प्रेक्षकांचा तो चित्रपट पाहण्यातला रस कमी झाला. हा आपल्यासाठीचा सिनेमा नव्हे, असे त्यांना वाटले.

आपल्याकडे वंशाच्या जागी रंग आणि जात येते. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला जब्या वर्गातल्या गोऱ्या शालूसाठी काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरतो. तिची राख टाकली की शालू आपली होईल, असे त्याला वाटते. ‘माझ्यात काहीतरी कमी आहे’ ही भावना या वयात किती खोल रुजते, ते तिथे दिसते. पुढे २०१६ मध्ये ‘सैराट’ आला. त्यातल्या आर्चीच्या सावळ्या रंगाची कथेत कुठेच अडचण होत नाही. प्रेक्षकांनी ती तशीच डोक्यावर घेतली आणि चित्रपटाने मराठीतले कमाईचे विक्रम मोडले. म्हणजे आवड बदलू शकते. ‘प्रेक्षकांना गोरीच नायिका लागते’ ही सबब तेवढी टिकत नाही.

तरी सवय सुटत नाही. ‘रंग माझा वेगळा’ या मालिकेचा विषयच सावळ्या मुलीवर होणारा अन्याय. पण नायिकेचा रंग मेकअपने गडद केला होता. हिंदीत ‘बाला’मध्येही तेच झाले. दोन्ही वेळा प्रेक्षकांनी विचारले, सावळी अभिनेत्री मिळालीच नाही का?

आता रंगाचे विज्ञान पाहू. मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत साधारण सारखीच असते. फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन बनवतात यात. हे मेलॅनिन त्वचेच्या पेशींना अतिनील किरणांपासून वाचवते. सावळा रंग हा आजार नाही, त्यामुळे त्यावर इलाजही नाही.

इलाज म्हणून जे विकले जाते, त्यात धोका आहे. काही क्रीममध्ये तीव्र स्टेरॉईड असते. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे आणि नको तिथे केस येतात. बंद केले की आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. काही क्रीममध्ये पारा असतो. तो मेलॅनिन बनण्याची प्रक्रिया अडवतो, पण त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. अकोल्यातील एकाच कुटुंबातल्या तिघींना झालेल्या मूत्रपिंडविकारामागे गोरेपणाच्या क्रीममधला पारा असल्याचे २०२३ मध्ये समोर आले. त्याचा छडा लागला तो डिलाईल रोडपासून जवळच असलेल्या परळच्या केईएम रुग्णालयात.

म्हणून काही पथ्ये पाळा. वेष्टनावर घटक, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नसलेले क्रीम घेऊ नका. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टेरॉईडची नावे आहेत. ती दिसली तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय वापरू नका. आधीच वापरत असाल तर ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ते औषध टप्प्याटप्प्याने कसे थांबवायचे ते सांगतील. पाऱ्याचा संशय असेल तर मात्र क्रीम लगेच बंद करा. पायावर सूज किंवा लघवीला फेस दिसला तर लघवीची तपासणी करून घ्या. वेळेत थांबवले तर मूत्रपिंड बहुतेकदा सावरते.

उरते ते घरातले बोलणे. ‘उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील’ हे वाक्य मुलगी पहिल्यांदा सिनेमात नव्हे, घरातच ऐकते. ‘उन्हात जाताना टोपी घाल, चटका बसेल’ असे म्हटले तरी काळजी तेवढीच पोहोचते. एकत्र सिनेमा पाहून झाल्यावर मुलांना विचारून पाहा, यातली मैत्रीण सावळी आणि नायिका गोरी का होती? उत्तर काहीही येवो, पडद्यावरच्या रंगालाही कुणीतरी निवडलेले असते, एवढे त्यांच्या लक्षात येईल.