कुपीतली घडी
लेखमाला : औषधामागचं विज्ञान • लेखांक ७

मागच्या लेखांकात आपण यीस्टच्या पेशीकडून माणसाचं इन्सुलिन कसं करवून घेतात ते पाहिलं. फर्मेंटरमधून प्रथिन बाहेर पडलं की औषध तयार झालं, असा आपला समज होतो. पण प्रथिनांच्या औषधांच्या कारखान्यात खरी धास्ती तिथून पुढे सुरू होते. हे औषध गाळायचं, धुवायचं, कुपीत भरायचं, ट्रकमधून शेकडो किलोमीटर न्यायचं आणि महिनोन्‌महिने टिकवायचं. या सगळ्या प्रवासात त्याचा आकार तसाच राहायला हवा, कारण औषधाचा गुण त्या आकारातच असतो.

पॅरासिटामॉलच्या एका रेणूत फक्त २० अणू असतात आणि ते एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. उन्हाळ्यात कपाटात पडलेली गोळी म्हणून सहसा बिघडत नाही. इन्सुलिनच्या एका रेणूत ७८८ अणू असतात आणि प्रथिनांच्या जगात तरीही ते लहानच गणलं जातं. त्याच्या दोन साखळ्या आहेत, एक २१ अमिनो आम्लांची, दुसरी ३० ची. साखळीतले दुवे पक्के असतात. मात्र ती साखळी ज्या घडीत बसलेली असते, ती घडी असंख्य दुबळ्या आकर्षणांवर उभी असते. तेलकट भाग पाण्यापासून आत लपतात, पाणी आवडणारे भाग बाहेर राहतात आणि एकूण हिशेबात घडीच्या बाजूचं पारडं जेमतेम जड ठरतं. थोडी उष्णता, थोडं आम्ल किंवा जोराचा हिसका तेवढंसं आधिक्य पुसून टाकायला पुरतो. आतले तेलकट भाग उघडे पडतात, शेजारच्या रेणूच्या उघड्या भागांना चिकटतात आणि गोळे तयार होतात. तव्यावर पडलेल्या अंड्याचा पारदर्शक भाग पांढरा होतो तेव्हा नेमकं हेच घडतं आणि तव्यावरून उतरवल्यावर तो पुन्हा पारदर्शक होत नाही.

स्फटिकापासून कुपीपर्यंत

प्रथिनाच्या घडीचा भारतातला अभ्यास ज्या ठिकाणी रुजला त्यात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचं स्थान वरचं आहे. प्रथिनाची साखळी कोणकोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या कोनांत अणू एकमेकांवर आदळतात, याचा आराखडा जी. एन. रामचंद्रन यांनी मद्रासमध्ये सहकाऱ्यांसह १९६३ मध्ये मांडला. जगभरच्या प्रयोगशाळा आजही कोणत्याही प्रथिनाची नवी रचना आधी या आराखड्यावर तपासून घेतात. पुढे रामचंद्रन बंगळुरूला आले आणि १९७१ मध्ये विज्ञान संस्थेत त्यांनी रेण्वीय जीवभौतिकी विभाग सुरू केला.

त्याच सुमारास एम. विजयन ऑक्सफर्डहून परतून या विभागात आले. ऑक्सफर्डला ते डोरोथी हॉजकिन यांच्या गटात होते. हॉजकिन यांनी इन्सुलिनच्या स्फटिकाचं पहिलं क्ष-किरण चित्र १९३० च्या दशकात घेतलं होतं. त्यातून अणूंची मांडणी उलगडायला १९६९ साल उजाडावं लागलं. त्या वर्षीच्या शोधनिबंधावर विजयन यांचंही नाव आहे. स्फटिकात दिसलं ते असं : इन्सुलिनचे सहा रेणू जस्ताच्या दोन अणूंभोवती वर्तुळाकार बसलेले असतात. स्वादुपिंडाच्या पेशीही इन्सुलिन जस्ताबरोबरच साठवून ठेवतात.

ही षटकाची मांडणी कुपी टिकण्याचं मुख्य रहस्य आहे. रक्तात काम करतो तो सुटा एकटा रेणू. पण सुटा रेणूच नाजूक असतो. तो उलगडतो आणि धाग्यासारख्या तंतूंच्या जाळ्यात अडकतो. सहाजण जस्ताभोवती बसले की प्रत्येकाचा कच्चा भाग शेजाऱ्याच्या आड जातो. म्हणून कुपीत जस्त घालतात. शिवाय फिनॉल किंवा मेटाक्रेसॉल घालतात. इन्सुलिन घेणाऱ्याला इंजेक्शनच्या वेळी जो औषधी वास येतो, तो याचाच. हे द्रव्य जंतूंना आवर घालतं आणि षटकाच्या खाचांत बसून ते आणखी घट्टही करतं. इंजेक्शन दिल्यावर फिनॉल भोवतालच्या ऊतींत पसरून जातं, द्रावण विरळ होतं, षटक फुटून आधी जोड्या आणि मग सुटे रेणू होतात आणि ते रक्तात शिरतात. कुपीत घट्ट आणि शरीरात सैल, असा हा बंदोबस्त आहे.

बिअरच्या गाळापासून इन्सुलिनपर्यंत

बंगळुरूचा प्रथिन-उद्योग औषधापासून सुरू झाला नाही. ब्रूमास्टरचं शिक्षण ऑस्ट्रेलियात घेऊन परतलेल्या किरण मजुमदार यांनी १९७८ मध्ये भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये, दहा हजार रुपयांच्या भांडवलावर बायोकॉन सुरू केली. पहिली दोन उत्पादनं बिअर स्वच्छ करण्याच्या कामाची होती. एक म्हणजे पपईच्या चिकातलं पपेन. थंड केल्यावर बिअर गढूळ करणाऱ्या प्रथिनांचे ते तुकडे करतं. दुसरं आयसिंग्लास. घोळ माशाच्या पोटातल्या ज्या पिशवीला आपल्या किनाऱ्यावर बोत म्हणतात, तशाच वातपिशव्यांतून मिळणारं हे कोलॅजन यीस्टला बरोबर घेऊन तळाशी बसतं. दोन्ही प्रथिनंच आणि दोन्ही हाताळणीला नाजूक. पपेन हवेतल्या ऑक्सिजनने निकामी होतं आणि आयसिंग्लास तापवलं की त्याचं साधं जिलेटिन होतं. प्रथिन जिवंतपणी जितकं गुणी तितकंच बाहेर काढल्यावर हळवं, हा धडा त्या कारखान्याला औषधाच्या कितीतरी आधी मिळाला होता.

पुनर्संयोजित इन्सुलिन भारतात बनवण्याची शर्यत या शतकाच्या सुरुवातीला लागली. औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) वोक्हार्टने २००३ मध्ये आपलं इन्सुलिन बाजारात आणलं आणि बायोकॉनने २००४ मध्ये. बायोकॉनने त्यासाठी पिचिया नावाचं यीस्ट निवडलं. मिथेनॉल हे त्याचं अन्नही आणि प्रथिन बनवण्याचा इशाराही. हे यीस्ट इन्सुलिनचं पूर्वरूप पेशीबाहेर टाकून देतं, म्हणजे पेशी फोडाव्या लागत नाहीत.

पुढची वाट शुद्धीकरणाची. आधी अपकेंद्रक यंत्रात पेशी वेगळ्या करायच्या. मग रेझिन भरलेल्या उंच स्तंभांतून द्रव सोडायचा. विकराने पूर्वरूपातला जादा तुकडा कापायचा, पुन्हा स्तंभ, जस्त घालून स्फटिक, शेवटी जिवाणू अडवणारी गाळणी. अडचण अशी की स्वच्छ करणारी प्रत्येक गोष्ट प्रथिनालाही इजा करू पाहते. कर्करोगावरच्या प्रतिपिंड औषधांच्या बाबतीत हे फार जाणवतं. ती सस्तन प्राण्यांच्या पेशींत वाढवतात, त्यामुळे विषाणूंचा धोका धरूनच चालावं लागतं. मधल्या एका टप्प्यावर द्रावण मुद्दाम आम्ल करून ठेवतात, म्हणजे विषाणूंची आवरणं फाटतात. जास्त वेळ ठेवलं तर प्रतिपिंडांचेच गोळे होतात, कमी वेळ ठेवलं तर विषाणू उरण्याची भीती. या दोन भीतींमधली फट शोधणं म्हणजे प्रक्रिया-अभियंत्याचं काम.

आम्लाशी झुंजण्याचं एक सुंदर उदाहरण ग्लार्जिन इन्सुलिनचं. ते आम्ल द्रावणात विरघळलेलं राहतं आणि त्वचेखाली आम्लता निवली की तिथेच सूक्ष्म साका होऊन बसतं आणि दिवसभर थोडं-थोडं सुटत राहतं. पण आम्लात साध्या इन्सुलिनच्या छोट्या साखळीचं शेवटचं अमिनो आम्ल हळूहळू बदलून जातं. म्हणून ग्लार्जिनमध्ये ते बदलून तिथे ग्लायसिन बसवलं आहे. बायोकॉनने बनवलेलं ग्लार्जिन जुलै २०२१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने 'अदलाबदलीयोग्य' ठरवलं, म्हणजे मूळ औषधाच्या जागी दुकानदार ते परस्पर देऊ शकतो. तिथे हा दर्जा मिळालेलं हे पहिलंच जैवसमरूप औषध, म्हणजे मूळ जैविक औषधाशी जुळेल असं दुसऱ्या कंपनीने बनवलेलं औषध.

सोबती कोण, यावर बरंच काही

कुपीवरच्या बारीक अक्षरांत 'इतर घटक' म्हणून जी यादी असते, ती भर घातलेली नसते. स्तनाच्या कर्करोगावरचं ट्रॅस्टुझुमॅब घ्या. ते इन्सुलिनच्या सुमारे पंचवीसपट जड. पाण्यात ते वर्षानुवर्षं नीट राहीलच याची खात्री नाही, म्हणून ते शीतशुष्क करून भुकटीच्या रूपात विकतात. द्रावण आधी गोठवायचं, मग निर्वातात बर्फाची थेट वाफ करून ओढून घ्यायची. कुपीच्या तळाशी पांढरी, सच्छिद्र वडी उरते. यात खरा धोका पाणी जाण्याचा असतो, कारण प्रथिनाची घडी पाण्याच्या आधारानेच उभी असते. मूळ औषधात त्या जागी ट्रेहॅलोज ही शर्करा येते. पाण्याने सोडलेले हात ती धरते आणि काचेसारखी कडक होऊन रेणूंना जागच्या जागी थिजवते. हिस्टिडीन आम्लता राखतं. पॉलिसॉर्बेट हवा आणि पाणी यांच्या सीमेवर आधी जाऊन बसतं, म्हणजे प्रथिनाला तिथे उलगडायला वाव मिळत नाही.

बायोकॉनच्या आवृत्तीला डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ट्रॅस्टुझुमॅबचं ते तिथलं पहिलं जैवसमरूप. प्रथिन तेच, पण ट्रेहॅलोज आणि पॉलिसॉर्बेटच्या जागी सॉर्बिटॉल आणि मॅक्रोगॉल. म्हणजे घडी सांभाळायला एकाहून अधिक वाटा असतात, फक्त प्रत्येक वाट नव्याने सिद्ध करावी लागते.

सोबती बदलताना किती जपावं लागतं, याचा इशारा युरोपात मिळालेला आहे. रक्तवाढीसाठी मूत्रपिंडाच्या रुग्णांना दिलं जाणारं एरिथ्रोपोएटिन तिथे मानवी अल्ब्युमिनच्या आधाराने टिकवलं जाई. १९९८ मध्ये एका उत्पादनात अल्ब्युमिन काढून पॉलिसॉर्बेट घातलं गेलं. त्यानंतर काही रुग्णांच्या शरीराने औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली. ती त्यांच्या स्वतःच्या एरिथ्रोपोएटिनवरही तुटून पडली आणि लाल पेशी बनणंच थांबलं. प्रथिनाचे गोळे, रबरी बुचातून झिरपलेली द्रव्यं, इंजेक्शनची पद्धत, अशी अनेक कारणं पुढे आली. औषधाचं प्रथिन मात्र बदललेलं नव्हतं.

फ्रिजशिवाय?

दोन ते आठ अंश सेल्सिअस हा आकडा प्रथिनांच्या औषधांना चिकटलेला आहे. ज्या गावात दुपारभर वीज नसते तिथे हा आकडा म्हणजे अडथळाच. बंगळुरूच्या त्याच रेण्वीय जीवभौतिकी विभागातले राघवन वरदराजन आणि त्यांच्या संस्थेत वाढलेली मायनव्हॅक्स कंपनी यांनी करोनाकाळात दुसरी वाट धरली. विषाणूच्या स्पाइक प्रथिनाचा, पेशीला चिकटणारा सुमारे दोनशे अमिनो आम्लांचा तुकडा त्यांनी घेतला. शीतशुष्क अवस्थेत हा तुकडा १०० अंशांवर ९० मिनिटं आणि ३७ अंशांवर महिनाभर ठेवूनही शाबूत राहिला. त्याच वेळी जगात काही लसी उणे ७० अंशांत ठेवाव्या लागत होत्या. प्रयोगशाळेतला निष्कर्ष आणि रुग्णालयातली कुपी यांच्यात चाचण्यांचं लांब अंतर असतं. तरी कोरडेपणा उष्णतेवर मात करू शकतो, हे यातून पुन्हा दिसलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची शीतशुष्क रोटाव्हायरस लसही याच तत्त्वावर फ्रिजबाहेर तग धरते.

इन्सुलिनबाबतही एक दिलासा देणारी नोंद आहे. केनियातल्या दादाब निर्वासित छावणीत २५ ते ३७ अंशांच्या रोजच्या चढउतारात चार आठवडे ठेवलेलं इन्सुलिन आपला गुण टिकवून होतं, असं जिनिव्हा विद्यापीठ आणि 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' यांनी २०२१ मध्ये दाखवलं. मात्र विदर्भातला मे महिना ३७ वर थांबत नाही.

शेवटचा टप्पा आपल्या घरात

कारखान्यात एवढं जपलेली घडी बऱ्याचदा मोडते ती घरी. म्हणून काही साध्या गोष्टी. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्याला लागून नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून पूर्ववत दिसलं तरी वापरू नका. बर्फाच्या स्फटिकांनी त्याची घडी आणि कणांची बांधणी दोन्ही बिघडलेली असू शकते. वापरात असलेली कुपी किंवा पेन साधारणपणे ३० अंशांखाली, बहुतेक प्रकारांत २८ दिवस चालतं. नेमकी मुदत आपल्या खोक्यावर वाचा. उन्हात उभ्या गाडीत, गॅसच्या ओट्यावर, खिडकीत ते ठेवू नका. फ्रिज नसेल तर ओलसर मातीच्या भांड्यात, कोरड्या डब्यात बंद करून ठेवलेलं इन्सुलिन खोलीपेक्षा थंड राहतं. प्रवासात बर्फाच्या पिशवीला थेट टेकवू नका, मध्ये कापड ठेवा.

मूळचं पारदर्शक इन्सुलिन गढूळ दिसलं किंवा कुपीच्या काचेवर दहिवरासारखा थर आला, तर ते टाका. मूळचंच दुधाळ असलेलं एनपीएच हे प्रोटामिन नावाच्या प्रथिनाबरोबर मुद्दाम बांधलेलं असतं. ते दोन तळहातांत हलकेच फिरवून सारखं करा, पण कधीही जोरात खळखळवू नका. आणि साखर अचानक वाढू लागली तर मात्रा वाढवण्याआधी डॉक्टरांना एकच गोष्ट न विसरता सांगा : कुपी कुठे आणि कशी ठेवली होती.

(पुढील लेखांकात : सर्पदंशावरचं प्रतिविष घोड्याच्या रक्तातून भुकटीपर्यंत कसं पोहोचतं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रांतागणिक का बदलतं.)